हॅकेटच्या वाटीतला नर

ऑगस्ट संपत आला की आमच्या खोऱ्यात घरोघरी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरतात. बाणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरात उघडतो, एल्क या थोराड हरणांचे नर माजावर येऊन डोंगरभर शीळ घालू लागतात, आणि यंदा कुठं जायचं यावरून नवराबायकोत अबोला धरला जातो. वर्ला थॉर्सनच्या घरी मात्र त्या वर्षी वाद फार चालला नाही.

वर्ला आमच्या शाळेची बस चालवते. पन्नाशी उलटलेली, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. तिचा नवरा एमेट गुडघ्यांमुळं आता डोंगर चढत नाही, पण नकाशा बघून दुसऱ्याला चढवायची त्याला भारी हौस.

"उत्तरेला जळलेल्या रानात जा," तो म्हणाला. "वणव्यानंतर कोवळं गवत आलंय. कळप तिथंच असणार."

"अर्धं गावही तिथंच असणार."

"मग कॉफिन नाल्याच्या वर. चढ जीव काढतो, पण कुणी फिरकत नाही."

"मी हॅकेटच्या वाटीत जाणार."

एमेटनं चष्मा काढला. "तिथं गार्थ असतो."

"म्हणूनच."

हॅकेटची वाटी म्हणजे तिन्ही बाजूंनी कडे आणि मधे हिरवंगार कुरण. ती जागा वर्लानं शोधलेली. गार्थ लिंडक्विस्ट हा तिच्या चुलत बहिणीचा, रोवीनाचा नवरा. त्याला धनुष्य ओढायला तिनंच शिकवलं आणि वाटीही तिनंच दाखवली. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वर्लाचा बाण एका थोराड नराला लागला. जखमी जनावराच्या लगेच मागं लागलं तर ते मरेस्तोवर पळतं, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं दोघांनी ठरवलं. उजाडताना तिला जाग आली तर गार्थची पथारी रिकामी. रक्ताच्या मागावर ती गेली तेव्हा नर केव्हाच गार पडला होता. शिकार ज्याची त्यानं बांधायची ती परवान्याची चिठ्ठी त्याच्या शिंगाला बांधलेली, गार्थच्या नावाची, बरगडीत गार्थचा बाण.

"तुझा फांदीला लागला, वर्ले," तो सुरी पुसत म्हणाला. "हा माझा."

तिच्या निळ्या-पांढऱ्या पिसांच्या बाणाचा तुकडा तिला झुडपात सापडला, रक्तानं माखलेला. तो घेऊन ती गावात आली. लोक हसले. शिंगं गावच्या बारमध्ये गल्ल्याच्या वर टांगली गेली, आणि तेव्हापासून वर्ला दिसली की गार्थ मोठ्यानं विचारायचा, "काय वर्ले, यंदा कोणतं झाड मारणार?"

ती वाटीकडं गेली नाही. राग मात्र तिनं लोणच्यासारखा मुरवत ठेवला.

यंदा गार्थ लाकूड कारखान्याच्या मालकाला, डोरन्सना, वाटीत नेणार होता. कारखान्यात मुकादमाची जागा रिकामी होती आणि गार्थनं साहेबांना मोठा नर दाखवायचं वचन दिलं होतं. हे बसमध्ये चढणाऱ्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं.

ते दोघं यायच्या आदल्या दिवशीच वर्ला मागच्या बाजूनं कड्यावर चढली. पहाटे गार हवा डोंगरावरून खाली ओघळते हे तिला पक्कं माहीत होतं. उजाडायच्या आत तिनं एमेटचा गोठ्यातला न धुतलेला शर्ट अंगात घातला, चूल पेटवली आणि तव्यावर डुकराच्या मांसाचे जाड काप टाकले. धूर, चरबी, घाम, सगळा वास संथपणे कुरणात उतरला. चरणाऱ्या माद्यांनी माना वर केल्या. पुढच्या क्षणी अख्खा कळप पलीकडच्या खिंडीतून नाहीसा.

खाली झाडीत दोन माणसं उभी राहिलेली तिला दिसली. त्यांतला एक हातवारे करत होता. वर्लानं कुरकुरीत काप तोंडात टाकला. इतका चवदार नाश्ता तिनं बऱ्याच वर्षांत केला नव्हता.

दुसऱ्या सकाळीही तिनं तेच केलं. वाऱ्यावर गार्थच्या शिव्या वरपर्यंत आल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. नुसतं बसून राहायचं एवढंच ठरवलं होतं, पण ऊन चढलं, उतार तापला आणि वारा फिरून खालून वर वाहू लागला. आता तिचा वास कुणाकडं जाणार नव्हता. खालून गार्थनं शिट्टीवर मादीचा आवाज काढला. त्याला उत्तर म्हणून तिच्या खालच्याच टप्प्यावर शीळ घुमली, आणि देवदारांतून एक नर बाहेर आला. मानेची आयाळ चिखलानं काळी, शिंगं पाठीपर्यंत झुकलेली. मादीच्या ओढीनं तो गार्थच्या दिशेनं निघाला होता.

आरडाओरडा केला असता तरी तिचं काम झालं असतं. तसा विचार तिच्या मनात आलाही. मग नर तिच्याकडं कूस करून थांबला, आणि तिच्या हातांनी धनुष्य केव्हा उचललं ते तिलाही कळलं नाही. बाण फुप्फुसांतून आरपार न जाता पिसांपर्यंत रुतला. नर उधळला आणि थेट खाली, झाडीत, त्या दोघांच्या पुढ्यात जाऊन कोसळला.

एरवी ती थांबली असती. या वेळी ती दगडांवरून घसरत खाली धावली. झाडीजवळ पोचताच बोलणं ऐकू आलं आणि ती खोडाआड उभी राहिली.

"मारा बाण, साहेब," गार्थ घाईनं म्हणत होता. "धुगधुगी आहे अजून. तुमची चिठ्ठी लावून टाकू."

"अरे पण याच्यात बाण आहे कुणाचा तरी."

"कुणाचा का असेना. उपटून टाकतो. इथं कोण बघतंय?"

वर्ला पुढं झाली. "मी बघतेय."

गार्थचा हात बाणावर तसाच राहिला.

"उपट की," ती म्हणाली. "मागच्या खेपेला चांगलं जमलं होतं. या वेळी साहेबांनाही शिकव."

डोरन्स म्हातारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं गार्थकडं पाहिलं, निळ्या-पांढऱ्या पिसांकडं पाहिलं. "मागच्या खेपेला म्हणजे?"

"काही नाही साहेब, बाईमाणूस आहे, उगाच..."

"मी तिला विचारलं."

तिनं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर गार्थ म्हणाला, "वर्ले, घरचं घरात मिटवू ना आपण."

"मिटवू की. मागचा पाय उचल."

"काय?"

"मांस गाडीपर्यंत न्यायचंय. माझे खांदे दुखतात."

गार्थनं डोरन्सकडं पाहिलं. डोरन्स बाही वर करत होता. "मी पुढचा घेतो, बाई," तो म्हणाला. दिवसभर तिघं चढ-उतार करत राहिले. गार्थ वाकून चालला, खांद्यावरच्या मांसातलं रक्त त्याच्या मानेवरून ओघळत होतं, आणि वर्ला रिकाम्या हातांनी त्याच्या मागून चालत होती. एकदा तो पाय घसरून पडला. तो उठेपर्यंत ती थांबली, पण तिनं हात दिला नाही.

डोरन्सनं गावात तोंड उघडलं, आणि त्याच्या शब्दावर कुणी हसलं नाही. मुकादमाची जागा दुसऱ्याला गेली. नाताळच्या आत गार्थनं कारखानाही सोडला आणि बायकापोरांसह तो आयडाहोला, भावाकडं निघाला.

जायच्या आधी रोवीना वर्लाच्या बसपाशी आली. दोघी लहानपणी एका पलंगावर झोपलेल्या.

"त्याला रडवायचं होतं तर त्याला एकट्याला रडवायचं होतंस," रोवीना म्हणाली. "मी काय केलं होतं तुझं?"

"लोक मला हसले तेव्हा तू गप्प बसलीस, रोवी."

"नवरा आहे माझा."

"ठाऊक आहे."

रोवीना पाठ फिरवून गेली. वर्लानं दार लावलं. त्या संध्याकाळी एमेटनं विचारलं, वाईट वाटतंय का. ती म्हणाली, रोवीसाठी वाटतंय. मग म्हणाली, गार्थचा विचार आला की अजून बरं वाटतं, आणि ताटातलं मांस कापायला लागली.