लाल पट्टी

२०२० सालच्या जानेवारीतला गुरुवार होता. गुरुवारी औषधाच्या दुकानात विल्डा कोगरचं एक ठरलेलं काम असे. चौदा दिवसांत कुणी न नेलेल्या पिशव्या भिंतीवरच्या हुकांवरून काढायच्या आणि औषधं परत फडताळात लावायची. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या त्या गावात एकवीस वर्षं ती हे करत आली होती. एरवी तीन-चार पिशव्या निघत. त्या दिवशी अकरा निघाल्या, आणि त्यांतल्या सात एकाच औषधाच्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांच्या.

सातवीवर नाव होतं डेलमस कोगर.

"तुझा भाऊच ना हा?" दुकानाचे मालक टॅकेट यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"दुसरा कोण? पोराचं नाव डेलमस ठेवायची हिंमत गावात आमच्या आईनंच केली," विल्डा म्हणाली, पण तिला हसू आलं नाही. चौदा दिवस ती पिशवी तिच्या कोपराशी लटकत होती. दिवसातून वीसदा तिचा हात तिच्यावरून फिरला असेल.

टॅकेट बाकीच्या सहा जणांना फोन लावत बसले. विल्डा जेवणाच्या सुट्टीत गाडी काढून ओढ्याकाठी भावाकडे गेली. डेलमस टीव्हीसमोर घेवड्याच्या कालवणात मक्याचा पाव कुस्करत होता.

"गोळ्या का नेल्या नाहीस?"

"बंद केल्या. टीव्हीवर इशारा आला. त्या गोळीनं माणसं आतल्या आत रक्त जाऊन मरतायत म्हणे."

"कसला इशारा? वकिलाची जाहिरात ती! औषध कंपनीवरच्या खटल्यासाठी माणसं गोळा करतात."

"लाल पट्टी होती, विल्डे. वर तो भोंगाही वाजला. 'तातडीचा वैद्यकीय इशारा', खाली नंबर. मी फोनसुद्धा केला. नर्स होती, गोड बोलली बिचारी. सगळं लिहून घेतलं."

"नर्स कुठली! फोनवर बसवलेली पोरगी ती. गोळी बंद कर म्हणाली का?"

"नाही. चालू ठेव असंही नाही म्हणाली."

"तुला अक्कल आहे की नाही, डेल?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "आणि पुराच्या दिवशी अक्कल कुणाला होती गं? 'जेवण होऊ दे, मग बघू', कोण म्हणत होतं?"

ते वाक्य विल्डाचंच होतं. चार वर्षांपूर्वी जूनमध्ये टीव्हीवर सरकारी पूर-इशाऱ्याची अशीच लाल पट्टी दिसताच डेलमस धावत तिच्या घरी आला होता आणि हाताला धरून, अनवाणी, तिला टेकडीवर घेऊन गेला होता. वीस मिनिटांत तिचं घर पायावरून सुटून ओढ्यातून वाहत गेलं. शेजारची म्हातारी नोला घरातच बसून राहिली; ती सापडली तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून गावात पट्टी आली की कुणी शंका काढत नसे. बूट चढवून उठायचं, बस.

"सोमवारी डॉक्टरांना विचारतो. झालं समाधान? आता पळ, नाहीतर टॅकेट बोंबलेल."

विल्डानं घड्याळ पाहिलं, पिशवी टेबलावर ठेवली आणि निघाली. पाण्याचा पेला भरून त्याच्या समोर उभी राहिले असते तर, हे पुढे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

शनिवारी रक्ताची गुठळी मेंदूत अडकून त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

फेब्रुवारीत राज्याच्या राजधानीत एका विधेयकावर सुनावणी होती. वकिलांच्या जाहिरातींनी स्वतःला इशारा म्हणवू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका हे त्यांत स्पष्ट सांगावं, असं ते विधेयक. बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. विल्डा चाकाच्या खुर्चीतून डेलमसला घेऊन गेली. तिच्या आधी एक वयस्कर वकील बोलले. खाणीत फुफ्फुसं गमावलेल्या माणसांना आपला हक्क जाहिरातींमुळेच कळला, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. विल्डाच्या मामाला तसेच पैसे मिळाले होते. हातातला लिहून आणलेला कागद तिनं उलटा करून ठेवला.

समितीतल्या एकानं विचारलं, "बाई, गोळी बंद करा असं जाहिरातीत म्हटलं होतं का?"

"नाही साहेब."

"मग?"

"वकिलांनी जाहिरात करू नये असं माझं म्हणणं नाही. पण तो रंग आणि तसला भोंगा त्यांचा नाही, साहेब. तो पुराचा आहे. तो वाजला की आमच्याकडे माणूस विचारत बसत नाही, उठतो. म्हणून तर आम्ही दोघं जिवंत आहोत. तो आमचा आम्हाला राहू द्या."

वेळ संपल्याची घंटा झाली. डेलमसच्या डाव्या हातानं तिची बाही घट्ट धरली होती.

कायदा झाला. जाहिराती निळ्या झाल्या. डेलमसनं फोन केलेल्या वकिलाच्या कचेरीतून त्याला पत्र आलं: आपण औषध घेत नसताना आजारी पडलात, सबब आपला दावा घेता येत नाही. टॅकेटनी त्या गुरुवारी फोन केलेल्या सहांपैकी पाच जण पिशव्या घेऊन गेले. सहाव्याच्या घरी फोन कुणी उचललाच नाही. टॅकेटनी दोन वर्षांनी दुकान विकलं. विल्डा नोकरी सोडून भावाकडेच राहायला आली. डेलमस त्यानंतर दोन हिवाळे काढून गेला.

त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी टीव्हीवर पुन्हा लाल पट्टी आली, भोंगा वाजला. बाहेर ओढा चढत होता. एके काळी सगळ्यांच्या आधी उठणारा डेलमस हलला नाही. पट्टीकडे एकदा पाहून त्यानं मान वळवली आणि विल्डाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"खरी आहे रे ही," ती म्हणाली, आणि खाली बसून त्याच्या पायांत बूट घालू लागली.