न घासलेला लायनर

पाटोद्यात सोमेश्वर मिस्त्रीच्या हाताला तोड नव्हती, आणि हे सगळ्यांत जास्त त्याला स्वतःलाच पटलेलं होतं. इंजिन बांधताना तो लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतं त्या नळकांड्यात, बिनरिंगांचं पिस्टन सोडायचा, सोबत फट मोजायच्या गेजची पातळ पट्टी घालून ती ओढायचा. पट्टी जराशी अडत, पण सुरळीत निघाली की गडी खूश. तापलं की पिस्टन फुगतं, म्हणून तेवढी फट ठेवावीच लागते.

राधाकिशननं विकत घेतलेलं जुनं ट्रॅक्टर त्याच्याकडं खोलून पडलं होतं, तेव्हा बऱ्याच ट्रॅक्टरांचे मालक भगवानराव दुकानात येऊन बसले. राधाकिशन त्यांचाच ड्रायव्हर. त्याची बायको बायनाबाई दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायची. स्वतःच्या ट्रॅक्टरनं कारखान्याला ऊस वाहायचा आणि तिच्या हातातला कोयता सोडवायचा, एवढीच नवराबायकोची आस होती.

"ह्ये ट्रॅक्टर चाललं न्हाई पायजे," भगवानराव चहाचा घोट घेत म्हणाले. "माझा गडी मालक झाला, तर उद्या बाकीचेबी निघतील. एवढं कर, मंग माझी सगळी इंजिनं तुझ्याकडंच की बे."

सोमेश्वर हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दुपारी लायनर घासता घासता तो मध्येच थांबला. पट्टी घालून पाहिली, ती आत शिरेना. अजून घासायला हवं होतं. त्यानं घासायचा दगड पुसून खोक्यात ठेवला. आपण काही केलं नाही, नुसतं थांबलो, अशी मनाची समजूत घातली. हलकट कुठला! मन त्याचं, समजूतही त्याचीच. पटायला कितीसा वेळ लागणार?

इंजिन सुरू करायच्या दिवशी बायनाबाईनं नारळ फोडला. इंजिनाला कुंकू लावलं आणि बोटाला उरलेलं सोमेश्वरच्या कपाळी टेकवलं.

"भाऊ, तुमच्यामुळं माझा कोयता सुटला," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली. बिचारीला वाटलं, भाऊ लाजला.

मोकळं होतं तोवर ट्रॅक्टर झकास चाललं. उसानं भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागलं आणि इंजिन तापून जागीच आवळलं. ओढून आणून खोललं, तर पिस्टन लायनरला खरवडून चिकटलेलं.

"मिस्त्री, माझं काय चुकलं?" राधाकिशननं हात जोडले.

"नव्यानं बांधलेल्या इंजिनावर एवढा लोड कावून टाकला बे?" सोमेश्वर त्याच्यावरच खेकसला.

"मी म्हनत व्हते, कमी भरा," बायनाबाई नवऱ्यावर रडत ओरडली. राधाकिशननं मिस्त्रीचे पाय धरून माफी मागितली. सोमेश्वरनं ती मागू दिली.

राधाकिशन पुन्हा भगवानरावांच्या ट्रॅक्टरवर बसला. बायनाबाई कोयता घेऊन टोळीच्या ट्रकमध्ये चढली.

हंगाम सरता सरता भगवानरावांचं ट्रॅक्टर धूर ओकू लागलं. सोमेश्वरनं दुकानापुढची जागा झाडून ठेवली. ट्रॅक्टर आलं, आणि न थांबता पलीकडच्या जीवन मिस्त्रीच्या दुकानाकडं वळलं. सोमेश्वर धावत रस्त्यावर गेला.

"आरं राधाकिशन, इकडं घे की!"

राधाकिशन ओशाळला. "न्हाई मिस्त्री. मालक म्हनले, सोमेश्वरला हातबी लावू देऊ नको. म्या लई सांगितलं त्यास्नी. म्हनलं, त्यांचा हात देवाचा हाय, चूक माझीच व्हती. तर मालक नुसते हसले."