घागरीत बोललेली दुपार

चैत्राची दुपार तांबट आळीवर ताम्रवर्णी होऊन उतरली होती. भिंतींना टेकलेल्या हंड्यांच्या, घंगाळांच्या अंगावर हातोडीचे हजार ठिपके होते, आणि ठिपक्याठिपक्यात एकेक इवला सूर्य जळत होता.

एके काळी इथली दुपार अशी मुकी नव्हती. पन्नास हातोडे पडत. पन्नास पत्रे थरथरत. पत्र्याची थरथर हवेला, हवेची कानाला. त्या नादसागरात मुरलीधर करड्यांनी पंचेचाळीस वर्षं घागरी घडवल्या. आणि घावागणिक त्यांच्या कानांचं एकेक दार मिटत गेलं. आता आळी शांत होती, पण ते अजूनही हातोड्यांच्या वरताण ओरडूनच बोलत. माया करायची तीसुद्धा ओरडून.

कान पुरते मिटले तेव्हा त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, वाट शोधली. रिकाम्या घागरीत तोंड घालून त्या बोलायच्या, आणि मुरलीधर बाहेरून घागरीच्या पोटावर तळवा ठेवायचे. शब्द कळायचे थोडे; थरथर कळायची सगळी. मऊ, किंचित घोगरी, शेवटी लांबणारी थरथर.

यमुनाबाई जाऊन तीन वर्षं झाली. चेहरा तसबिरीत उरला होता. ती थरथर मात्र तळव्यातून पुसत चालली होती, आणि रोज थोडी अधिक पुसट होते हे त्या एकाकी माणसाने कुणालाच सांगितलं नव्हतं.

लेक कुमुद नांदेडहून चार दिवसांसाठी आली होती. तिला एकच विचारायचं होतं. पाटीवर लिहिलं, की बाबा चष्मा शोधायला उठत आणि परत येत नसत. आज चारची गाडी होती. पिशवी भरून झाली, तेव्हा तिने घागर पुढ्यात ओढली, त्यांचा हात घागरीवर ठेवला आणि आत वाकून म्हणाली,

"बाबा, चला ना माझ्याकडे राहायला. इथं एकटं नाही राहायचं."

तांबं शहारलं. मऊ. किंचित घोगरं. शेवटी लांबलेलं.

"आई!" मुरलीधर ओरडले. "कुमुद, आई बोलली गं तुझी!"

समोरच्या ओट्यावरून गोदाकाकूंनी मान उंचावली. "काय हो मुरलीधर, जाता जाता पोरीशी भांडताय होय?"

त्यांना ऐकू कुठलं यायला! ते तळवा घट्ट दाबून बसले होते. "पुन्हा बोल. काहीही बोल."

तोच प्रश्न पुन्हा कुमुदच्या ओठांवर होता. तिने बाबांच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहिलं. त्या पापण्यांना तो प्रश्न नको होता. ती पुन्हा वाकली आणि आई विचारायची ते विचारलं,

"जेवलात का?"

"जेवलो," ते म्हणाले. आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा हळू म्हणाले.

ऊन पायरीवरून उतरलं. वेळ भरली. कुमुदने घागरीच्या काळोखात शेवटचा एक शब्द सोडला, "येते."

ती वळणापाशी दिसेनाशी झाली. तांब्याची थरथर केव्हाच निवली होती, तांब्याची ऊबही निवत होती. आणि त्या निश्चल, गोल, थंडावत्या पोटावर एक खरबरीत तळवा तसाच होता, हळूहळू, हळूहळू सावलीत बुडत.