भिंतीच्या रंगाची वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. मला बघायला या घरात आलात तर मी बहुधा दिसणार नाही, कारण मी भिंतीच्याच रंगाची आहे. हा काही माझा जन्माचा रंग नव्हे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळीशार होते. माझ्या पोटात तांब्याच्या बारीक तारा आहेत, दोन-दोनच्या जोड्या करून पीळ दिलेल्या. पीळ अशासाठी, की एका जोडीची कुजबुज दुसरीच्या कानावर जाऊ नये. एकत्र कुटुंबात अशी सोय नसते, असे ऐकून आहे.

माझे काम सोपे. बाहेरचे इंटरनेट बैठकीतल्या राउटरपर्यंत येते. तिथून ते आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे पोचवायचे. वायफाय मधल्या जाड भिंतीपाशीच धापा टाकू लागते, म्हणून मला विकत आणले गेले. घरात आई, बाबा आणि एक मुलगी. मुलीला एका जागी बसवत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.

घरातला चौथा माणूस रोज संध्याकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचा. तो आईचा धाकटा भाऊ, भिंगरीचा मामा. तो फार दूर राहतो आणि सुतारकाम करतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. हे बहीणभाऊ लहानपणापासून हातांनी बोलतात. भांडतातही हातांनीच, आणि ते भांडण बघण्यासारखे असते. आईला हात चालवताना तोंडाने पुटपुटायची सवय आहे, त्यामुळे ऐकू येणाऱ्यांनाही दोन्ही बाजू कळतात. अशा बोलण्यात चित्र अडखळून चालत नाही. बोटांची हालचाल मध्येच गळली की वाक्य गळाले. मी काही गळू दिले नाही. "तुझ्या अंगठ्याला काय लागलं?" असे मामाने एकदा तिकडून विचारले, तेव्हा आई खूश होऊन म्हणाली, "बघा, कॉम्प्युटर किती छान आहे आपला!" मी मनाला लावून घेतले नाही.

बाबांना मात्र मी डोळ्यांत खुपत होते. लोंबती वायर म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर, असे त्यांचे मत. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी हातोडी आणि खिळ्यांच्या क्लिपा काढल्या आणि मला भिंतीच्या पायथ्याशी ठोकत नेले. दाराच्या कोपऱ्यावर मी काटकोनात वाकेना. "कशी बसत नाहीस बघतोच," म्हणत त्यांनी दोन घाव जास्त घातले. मी बसले. आत एक जोडी तुटली आणि दुसरीची कातडी सोलली गेली. मग बाबांनी ब्रश घेऊन मला भिंतीचा रंग फासला. शेजारी आले, वाकून वाकून बघू लागले. "अहो, वायर आहे तरी कुठे?" बाबांची छाती फुगली. आयुष्यात माझे पहिल्यांदा कौतुक झाले, आणि तेही मी दिसत नाही याचे.

त्यानंतर मी लंगडत काम करू लागले. पूर्वी पळत होते, आता दहावा हिस्सासुद्धा वेग उरला नाही. कधी तोही जाई आणि पडद्यावरचे चित्र थिजे. घरात थोडी चिडचिड झाली, आणि मग सवय झाली.

त्या सुमारास मामाचा डोळा बिघडला. एक डोळा त्याने लाकडाची ढलपी उडून कधीच गमावला होता. उरलेल्या डोळ्याचा आतला पडदा सुटू लागला. शस्त्रक्रिया लवकर करायला हवी, असे डॉक्टरांनी त्याला लिहून दिले आणि आईला फोनवर सगळे समजावले. मामाचा कागदावरच्या अक्षरांवर विश्वास नाही. त्याने आईला पडद्यासमोर बसवले आणि विचारले, "खरं सांग. हाही डोळा जाईल का?"

आईने हात उचलले, पण मी ते पोचवले नाहीत. तिकडे मामाला थिजलेल्या चित्रात दिसली ती हात मांडीवर ठेवून बसलेली बहीण. गप्प. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो उठून गेला. पाठोपाठ मामीचा निरोप आला, "ते शस्त्रक्रिया नको म्हणतायत. ताईंना माहीत आहे, पण त्या सांगत नाहीत, असं त्यांच्या मनाने घेतलंय."

आईने जेवण टाकले. मामा पडद्यासमोर यायला तयार होईना, आणि आला असता तरी माझ्या भरवशावर बोलणार काय?

बाबांनी कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "बंद करून पुन्हा चालू करा." बाबांनी ते इतक्या वेळा केले की बटण सैल झाले. मग त्यांनी मोठ्या वेगाचे इंटरनेट घेतले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! मी कोपऱ्यातून सगळे बघत होते. मला राग आला नाही, पण आईकडे बघवत नव्हते.

"बाबा," भिंगरी शेवटी म्हणाली, "टाकीत पाणी आहे आणि नळाला येत नाही, तर मधलं काय ते बघायला नको का? कॉम्प्युटर उचला आणि राउटरपाशी न्या."

त्यांनी तो बैठकीत नेला आणि हातभर लांबीची दुसरी वायर जोडली. वेग भरभरून आला.

"म्हणजे आपली वायर खराब आहे," भिंगरी म्हणाली.

"वायर?" बाबा गोंधळले. "कुठली वायर?"

आई खाली बसली. डोळ्यांना मी दिसत नव्हते, म्हणून ती भिंतीच्या पायथ्यावरून बोट फिरवत दारापर्यंत आली आणि कोपऱ्यावर थांबली. तिथे मी चपटी झालेली होते. बाबा वाकले. आपली क्लिप त्यांनी ओळखली.

"हे मीच ठोकलंय," ते म्हणाले. "मीच तुला त्याच्यासमोर गप्प बसवलं."

"ते राहू द्या," आई म्हणाली. "आधी वहिनीला कळवा. म्हणावं, मी गप्प नव्हते, वायर तुटली होती."

मामा पडद्यावर आला, तोंड फुगवूनच. माझे एक टोक अजून बैठकीत असल्याने पुढचे मी पाहिले. छोटी वायर उघडी लोंबत होती आणि बाबांचे तिच्याकडे लक्षही नव्हते.

"ऐक," आईचे हात म्हणाले. "धोका आहे. काहींचा डोळा जातो. पण नाही केलंस, तर तुझा नक्की जाईल. मला एवढंच माहीत आहे. लपवलेलं काही नाही."

मामाचे हात अगदी सावकाश चालले आणि आईने ते पुटपुटले, "पट्टी बांधतील. मला दिसणार नाही. ऐकू तर येतच नाही. मग खोलीत कुणी आहे की सगळे गेले, हे मला कळणार कसं?"

चित्र स्वच्छ होते. मोठ्या वेगाच्या इंटरनेटकडे मात्र याचे उत्तर नव्हते.

"मी येते," आई म्हणाली. "पट्टी सुटेपर्यंत तुझा हात माझ्या हातात राहील. तळहातावर बोटाने बोलेन."

मामाने कॅमेऱ्याला चिकटवावा तसा आपला तळहात समोर धरला आणि होकारार्थी मान हलवली. बाबा आधीच स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होते.

मित्रांनो, आता मला काही काम नाही. रंगाखाली पडून असते. एवढेच सांगते, आम्हाला कोपऱ्यात ठोकून वाकवू नका, आणि काही अडले तर ज्यांच्याकडे कधी बघत नाही त्यांनाही एकदा चाचपून पाहा. आमची निगा राखलीत तर तुमचा चेहरा, तुमचे हात, तुमची भीती आम्ही जगाच्या दुसऱ्या टोकाला जशीच्या तशी नेऊन देऊ. तळहातापर्यंत मात्र आमची पोच नाही. तिथे तुम्हालाच जावे लागेल.