लोक ओरडले की पडायचं

आमच्या मनस्वीचा बाप, माझा नवरा साईनाथ, आठवडाभर धसईच्या गिरणीत भाताची पोती उचलतो आणि रविवारी ठाण्याला मार खायला जातो. हसू नका! टीव्हीत दाखवतात तसल्या कुस्त्या असतात त्या, स्टेजवरच्या, आधी ठरवलेल्या. तिथं हा 'काळा नाग'. काळा नाग कधी जिंकत नाय. लोक ओरडले की यानं धाडकन पाठीवर पडायचं. पडण्यात मात्र त्याचा हात कुणी धरणार नाय.

शाळेतल्या पोरांनी ते मोबाइलात पाहिलं. "तुझा बाप पडका!" झालं, पोर बापाशी बोलेनाशी झाली. तो भुवयांवर कोंडा घेऊन गिरणीतून यायचा, की ही ताट उचलून ओटीवर जायची. तो एकटाच जेवायचा. दोघांसाठी माझा जीव तुटायचा.

शेवटी मीच म्हटलं, "गावच्या जत्रेत उतर. एकदा खरी कुस्ती दाखव तिला."

"लागेल गो मला."

"लागू दे मेल्या!"

जत्रेच्या दुपारी ऊन पिवळं, सुस्त, डोळे मिटावेत असं. ढोल पाण्याखाली वाजल्यासारखे लांबून येत होते. उडत्या मातीत साईनाथ मला हळदीच्या दिवशीसारखा दिसला, तसाच पिवळा, तसाच लाजरा. समोर शहापूरकडचा भगीरथ, तगडा गडी. पण यानं त्याला खाली घेतला, कमरेला विळखा घातला. आता फक्त उलटवायचा राहिला होता. गर्दीत दिसावं म्हणून कडेवर घेतलेली मनस्वी ताठ झाली. "बाबा!" ती ओरडली. तिच्यामागं सगळा फड ओरडला.

आणि माझ्या नवऱ्याची पकड सुटली. कुणी ढकललं नाय, काय नाय. झोपेत कूस बदलावी तसा तो सवयीनं पाठीवर आडवा झाला. भगीरथसुद्धा बघतच राहिला.

"अगो बाई, काय केलंस रे हे!" मी कपाळावर हात मारला. लोक खदखदून हसत होते. तो वर आभाळात बघत पडून होता. मला वाटलं, आता पोर कायमची तुटली.

मनस्वी कडेवरून निसटली, मातीत शिरली, त्याच्या डोक्याशी बसली. "बाबा, लागलं?"

दर रविवारी खोटंखोटं कळवळणारा माणूस "नाय गो," म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला.

"उठा, पुढची जोडी आलीय," पंच ओरडला.

"थांबा ना," ती त्याच्यावर खेकसली. "माझ्या बाबांना लागलंय."