एका पत्त्यावर दोघं

"ताई, ते तुझ्या घरी राहताहेत तोवर बँक तुला दारात उभी करणार नाही," धाकटा भाऊ आवाज बारीक करून म्हणाला.

आवाज बारीक करून काही उपयोग नव्हता. बाईंचा कवळ्यांचा कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एकच खोली. एका बाजूला प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेलं फडताळ, दुसऱ्या बाजूला बाईंचं कामाचं टेबल, आणि टेबलाजवळ स्टुलावर चढून 'ते', म्हणजे लिफ्टची कामं करणारे लिफ्टवाले, हवा बाहेर फेकणारा पंखा दुरुस्त करत होते. त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"कोण म्हणालं तुला?" बाईंनी मेणात दात बसवता बसवता विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे. एका घरातल्या माणसांचा कर्जफेडीचा स्कोअर एकमेकांना चिकटतो. त्यांचा तर पार तळाला गेलेला. तुझा चांगला, पण त्यांच्यामुळे तुझाही जाणार."

भावाच्या मनात पाप नव्हतं. खोलीचा मालक खोली विकायला निघाला होता आणि त्यानं सगळ्यांत आधी बाईंनाच विचारलं होतं. खोली गेली तर भट्टी, पॉलिशची मोटर, पाण्याची सोय हे सगळं बिऱ्हाड घेऊन बाई कुठे जाणार? प्लास्टरची धूळ आणि रसायनांचा वास म्हटल्यावर जागा द्यायला कुणी तयार होत नाही. कर्ज मिळालं तर कारखाना राहणार, नाही तर उभ्या जन्माचा धंदा गुंडाळावा लागणार. भावाला बहिणीची काळजी होती, इतकंच.

बाई कवळ्या बनवत. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, बाई दात पाठवत. लिफ्टवाल्यांची आणि त्यांची गाठ पडली तीही दातांमुळेच. एका दवाखान्याच्या इमारतीत बाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. लिफ्टवाल्यांनी दार फटीएवढं उघडून आत टॉर्च मारला, तर समोर ट्रेमधून चार जबडे हसत होते. "आत नक्की किती जण आहेत?" असं त्यांनी विचारलं, आणि बाई घाबरलेल्या असूनही खुदकन हसल्या.

ओळख वाढायच्या आतच त्यांनी आपली गोष्ट सांगून टाकली होती. मित्राबरोबर दुरुस्तीची कंपनी काढली, दोघांच्या सहीनं कर्ज घेतलं. मित्र मधेच अंग काढून पसार झाला, हप्ते तुंबले. पुढे लिफ्टवाल्यांनी रात्रपाळ्या करून एकट्यानं सगळं फेडलं, पण नावाला लागलेला डाग काही पुसला गेला नाही. "तेव्हा माझ्यापासून जरा जपूनच," ते म्हणाले होते. बाईंनी जपलं नाही. दोघांचीही मुलं आपापल्या संसाराला लागलेली. या वयात लग्नाची आमंत्रणं कुणाला धाडायची, म्हणून तो विषय दोघांनीही काढला नाही. लिफ्टवाले आपलं सामान घेऊन बाईंच्या घरी राहायला आले. चार वर्षं एका छताखाली काढूनही दोघं एकमेकांना अहो-जाहोच करत.

दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या, तर लिफ्टवाल्यांचा कपड्यांचा खण रिकामा. त्यांनी फोन लावला.

"उंच इमारतीचं काम आलंय," लिफ्टवाले म्हणाले. "इथंच राहतो. आणि सगळीकडे पत्ता बदलून घेतोय मी."

"मी तुम्हाला जा म्हटलं का?"

"तुम्ही म्हणणारच नाही. म्हणून तर."

बाईंना रागही आला आणि भरूनही आलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्या कारखाना न उघडता थेट बँकेत जाऊन बसल्या. कर्ज मागायला नाही, एकच गोष्ट विचारायला.

समोरच्या तरुण अधिकारी मुलीच्या मनगटाला प्लास्टर होतं. बाईंची नजर सवयीनं तिथंच गेली.

"जरा जाडच घातलंय," त्या म्हणाल्या.

"खाजतं हो फार," मुलगी म्हणाली. "बोला, काय काम होतं?"

बाईंनी घडाघडा सगळं सांगितलं. लग्न नाही हेही सांगितलं; लपवून काय करायचं? मुलीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, यानंच त्यांना निम्मा धीर आला.

"तुमचं दोघांचं मिळून खातं आहे?"

"नाही."

"एकत्र कर्ज? एकत्र कार्ड? तुम्ही त्यांना कुठे जामीन आहात?"

"काहीच नाही. घरखर्च वाटून करतो, तेवढंच."

"मग तुमच्या स्कोअरशी त्यांचा काही संबंध नाही. पत्ता एक असला म्हणून पत एक होत नाही, काकू. नवरा-बायको असतात ना, त्यांचंसुद्धा वेगवेगळं बघतो आम्ही."

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. आल्यापासून त्या काठावरच बसल्या होत्या हे त्यांना तेव्हा कळलं. आणि का कोण जाणे, त्यांना एकदम भूक लागली.

"पण उद्या दोघांनी मिळून कर्ज मागितलंत, तर दोघांचंही तपासणार," मुलगी म्हणाली. "मग मात्र अडेल. तुमच्या एकटीच्या कमाईवर होईल बहुतेक. थोडं कमी मिळेल, आणि खोलीही तुमच्या एकटीच्याच नावावर घ्यावी लागेल."

खोली दोघांच्या नावावर घ्यायची, असं बाईंनी मनात धरलं होतं. लिफ्टवाल्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"त्यांचा डाग जातो का कधी?"

"सगळं फेडलंय ना? मग जातो. वेळ लागतो."

उंच इमारतीच्या गच्चीवर लिफ्टची मोटर-खोली होती. बाई पोचल्या तेव्हा लिफ्टवाले जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यावर बसून हात पुसत होते. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. खोलीत ग्रीसचा वास आणि भट्टीसारखी धग.

"तुम्ही इथं कशाला आलात?"

"बँकेत जाऊन आले. तुमचा आणि माझा..."

खाली कुणीतरी बटण दाबलं. मोटर खडखडत सुरू झाली, जाड दोर सरसर फिरू लागले आणि बाईंचं वाक्य त्यात बुडालं. दोघं एकमेकांकडे नुसतेच बघत राहिले. मोटर थांबली.

"काही संबंध नाही," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "एका घरात राहिल्यानं काही बिघडत नाही. भावानं अर्धवट ऐकलेलं."

"नक्की?"

"तीन वेळा विचारलं मी. ती पोरगी कंटाळली."

लिफ्टवाल्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बाईंना पुठ्ठ्यावर बसायला जागा करून दिली.

"फक्त कर्ज माझ्या एकटीच्या नावानं होईल," बाई म्हणाल्या. "आणि खोलीही. मला तसं नको होतं, पण..."

पुन्हा मोटर सुरू झाली. या वेळी ती बराच वेळ चालली. कुणीतरी अगदी वरच्या मजल्यावर येत असावं. तेवढ्या वेळात लिफ्टवाल्यांचा चेहरा आधी जरा उतरला, मग सावरला.

"बरं झालं," मोटर थांबल्यावर ते म्हणाले. "माझं नाव कुठे नसलेलंच बरं सध्या. पंखा मात्र अर्धवट राहिलाय तुमचा."

"मग चला. ही काय झोपायची जागा आहे?"

"झोप कुठली? लोक दिवसरात्र वरखाली करतात."

घरी आल्यावर बाईंनी भात टाकला. लिफ्टवाले चार घास जेवले आणि हात धुऊन खुर्चीवर जरा टेकले, ते तसेच झोपी गेले. बाहेर अजून ऊन होतं. बाईंनी भावाला फोन करून दबक्या आवाजात दोनच वाक्यांत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं. त्यांना सांग, रविवारी येतो. पंखा धरायला."

एका आजीबाईंची कवळी उद्या सकाळी द्यायची होती. बाईंनी ती घरच्या छोट्या मोटरवर घासायला घेतली, बटणाकडे हात नेला आणि खुर्चीकडे बघून मागे घेतला. मग मऊ फडकं ओलं करून, मांडीवर घेऊन, एकेक दात त्या हातानंच घासत बसल्या.