चुलीची सळई

लढाईसाठी मोडकं लोखंड शाळेच्या फाटकाशी जमा करायचं होतं आणि लॉरी शुक्रवारी संध्याकाळी येणार होती. बॉबिन गल्लीच्या पोरांनी कपडे पिळायचं अख्खं यंत्र ढकलत आणलं, तेव्हापासून टेंटर गल्लीतल्या दहा वर्षांच्या मेव्हिसच्या जिवाला चैन नव्हतं. तिच्या मोडक्या बाबागाडीत होते दोन तवे आणि एक गळकी बादली.

म्हणून ती शेजारच्या एंटविसल आजींकडे गेली.

"आजी, काहीतरी द्या ना. रणगाड्यांना लोखंड हवंय."

"माझ्या घरात जुनं असं मीच काय ती उरलेय. मलाच घाल गाडीत!" आजी हसल्या. पण त्यांचा एकुलता नातू आर्थर नौदलात होता. त्यांनी निखारे ढोसायची जाड सळई आणून गाडीत टाकली. लाकडी तळाच्या बुटांचे लोखंडी नालसुद्धा पक्कडीने उपटून दिले. "जा. आर्थरच्या बोटीला खिळा म्हणून तरी लागू दे."

मेव्हिसला आभाळ ठेंगणं झालं.

दोन्ही घरांच्या चुली एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून होत्या. रोज सकाळी सहाला आजी सळईने चुलीमागच्या पत्र्यावर दोनदा ठोकायच्या, म्हणजे 'उठले'. मेव्हिसची आई इकडून दोनदा ठोकायची. एकसारखं ठोकलं, तर हातातलं टाकून धावायचं. एकट्या म्हाताऱ्या माणसांचं त्या गल्लीत असंच चालायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. म्हणूनच सळई देताना ते आजींच्या ध्यानात आलं नाही, घेताना मेव्हिसच्याही नाही.

शनिवारी सहा वाजून गेले. पलीकडून ठोका नाही.

"आज आजींनी ठोकलं नाही?" गिरणीला निघालेली आई थबकली.

"ठोकतील कशानं? सळई मी नेली ना!" मेव्हिस तोऱ्यात म्हणाली.

"काय अवदसा आठवली तुला!" आई ओरडली, पण भोंगा वाजायला लागला होता. "जा, आधी डोकावून ये."

"जाते गं," म्हणत मेव्हिस पाव खात बसली. भिंतीमागे कुठेतरी थप थप होत होतं. कुणीतरी सतरंजी झटकत असेल, असं तिला वाटलं. मग ते थांबलं, आणि तिने पाव खाली ठेवला. इतक्या सकाळी सतरंजी कोण झटकतं?

ती धावली. एंटविसल आजींच्या दाराला कधी कडी नसायचीच. आजी चुलीपुढे आडव्या पडल्या होत्या, एक पाय भलतीकडेच वळलेला, हातात नाल नसलेला बूट.

"पाचपासून ठोकतेय गं पोरी," त्या पुटपुटल्या. "लाकडाचा आवाज तो केवढा."

मेव्हिस गळा काढून रडली, आणि रडतरडतच तिने अख्खी गल्ली गोळा केली.

आजी सात आठवडे इस्पितळात होत्या. सळई कधीच भट्टीत गेली होती. भेटायला गेल्यावर मेव्हिस त्यांच्या डोळ्यांकडे बघेना.

"मी मागितली म्हणून झालं ना सगळं?"

"तू मागितलीस, मी दिली. अर्धं अर्धं वाटून घेऊ," आजी म्हणाल्या. "पाव तेवढा आधी संपवत जाऊ नकोस."

म्हणजे त्यांना कळलं होतं. मेव्हिसने रडत आईला सगळं सांगितलं होतं, आईने त्यांना सांगितलं असणार. मेव्हिसला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण आजींनी तिचा हात सोडला नाही.

आजी घरी आल्या त्या दिवशी मेव्हिसने आपल्या घरची सळई नेऊन त्यांच्या चुलीशी उभी केली.

"ही आता राजाने स्वतः येऊन मागितली तरी द्यायची नाही."

"आणि तुम्ही गं कशानं ठोकणार?"

ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहापासून मेव्हिस पत्र्याला कान लावून बसली. सहा वाजले. सहा वाजून एक मिनिट. तिने श्वास रोखून धरला.

ठण्. ठण्.

मेव्हिसने पायातला बूट काढला, नालाची बाजू पुढे धरली आणि दोनदा ठोकलं.